पापडाला पेट्रोलचा वास

सोमवार, ७ एप्रिल २०२५

तीर्थपुरीहून बेबीनंदाचा फोन. चोवीस पाकिटं परत पाठवून राह्यली.

"ताई, पापड फुलतो मस्त. पन भाजाया घेतला की पोरं भिंतीला जाऊन चिकटतात. रॉकेलचा वास मारतो."

मी तडकलेच. म्हटलं, माझ्या घरात रॉकेल न्हाई, स्टोव्ह न्हाई, मूग मी स्वतः निवडते, तुमच्या दुकानात काही सांडलं असेल. ती शांतपणे म्हणाली, "तुम्हीच एक भाजून बघा."

त्याच खेपेतलं एक पाकीट गाडीत राह्यलं होतं. ते आणलं, भाजलं. श्रेणिक दुकानातून जेवायला आल्ता, त्याच्या ताटात वाढलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, नवऱ्यानं माझा पापड कधी अर्धा ठेवला न्हाई. आज ठेवला.

रॉकेल न्हाई — पेट्रोल. बेबीनंदाला एवढा फरक कळत नसेल, मला कळतो. म्हणजे वास गाडीचा.

गाडी बाबूजींची. अँबेसिडर, १९८४ ची, दुधी रंगाची. सासऱ्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, गाडीचं एक्केचाळीस, आणि सकाळी दोघांपैकी जास्त कोण खोकतं सांगता येत न्हाई. पापड पोचवायला हप्त्यातून दोनदा आम्ही दोघं निघतो — तीर्थपुरी, भोकरदन, कधी अंकुशनगर. चालवतात तेच, ताशी चाळीसनं. मागं ट्रॅक्टर हॉर्न वाजवतात. मम्मीजी गेल्यावर वर्षभर बाबूजी घरातून हलत नव्हते. पापडाच्या दिवशी मात्र आता पहाटेच दाढी, इस्त्रीचा शर्ट.

श्रेणिक म्हणाला, "विकून टाकू. छोटी व्हॅन घेऊ. पेट्रोलचा वास म्हणजे कधी भडकेल नेम न्हाई."

बाबूजी जेवता जेवता उठले. आम्हा जैनांत ताट धुऊन ते पाणी पितात, बाबूजी तर आयुष्यभर प्यायले. आज पोळी तशीच ठेवून उठले.

शेवटी मुदत ठरली — अक्षय तृतीया. त्या दिवशी बेबीनंदाला लग्नाच्या ऑर्डरचे चाळीस किलो पापड द्यायचेत. तोपर्यंत वास गेला तर गाडी राहील, न्हाई तर जाईल.

ही वही मी मराठीतच लिहिते. बाबूजी मराठी वाचत न्हाईत आणि श्रेणिक काहीच वाचत न्हाई.

मंगळवार, ८ एप्रिल

सकाळी गाडीचा वास घेतला. चारी दारं उघडी, मी गुडघ्यावर, डोकं सीटखाली. मागच्या सीटच्या पाठीमागून येतो असं वाटतं. समोरच्या घरातल्या म्हातारबाईंनी विचारलं, "कोणता उपास आहे बाई?"

बाबूजींना म्हटलं, फकरोद्दीन चाचांना बोलावू. गाडी शोरूममधून आली त्या दिवसापासून चाचांशिवाय तिला कोणी हात लावलेला न्हाई.

बाबूजी म्हणाले, "येणार न्हाई. तीनदा चहाला बोलावलं. काम असल्याशिवाय कोणाच्या घरी जायचं न्हाई म्हणतो."

चाचांनी दिवाळीत गॅरेज बंद केलं. म्हणजे मुलानं, अतिकनं, बंद करायला लावलं. तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. मी फोन केला. म्हटलं, "चाचा, गाडीत पेट्रोलचा वास येऊन राह्यला."

पलीकडून एकच सवाल. "पुढून की मागून?"

वीस मिनिटांत हजर. पिशवी, पाने, जुना पेपर. काम सुरू करण्याआधी घड्याळ काढून खिशात ठेवलं, पेपर पसरला, बिनसाखरेचा चहा मागितला आणि त्यात दोन चमचे साखर घातली. डिकीतून टाकीत उतरणारा रबरी पाइप तडकला होता. नवीन आणून बसवला. म्हणाले, "झालं बेटी. आता मला यायची गरज न्हाई."

किती सोपं होतं. उगाच घाबरलो.

बुधवार, ९ एप्रिल

वास न्हाई. पापडाचं पीठ छान झालं.

गुरुवार, १० एप्रिल

महावीर जयंती. सगळे पांढऱ्या कपड्यांत, गाडीतून मंदिरात निघालो. दार उघडलं — वास! आधीच्यापेक्षा वेगळाच, ताजा, नाकात टोचणारा. आणि मागून न्हाई, पुढून.

श्रेणिक काच खाली करून पूर्ण रस्ताभर डोकं बाहेर काढून बसला. मिरवणुकीतले लोक त्याला हात दाखवून राह्यले, त्यालाही हात दाखवावा लागला.

शनिवार, १२ एप्रिल

चाचा परत. आज कार्बोरेटर. ओट्यावर पेपर पसरून त्याचे छत्तीस तुकडे केले. बाबूजी खुर्ची टाकून शेजारी. एकेक तुकडा चाचा पुसतात, बाबूजींच्या हातात देतात, बाबूजी उन्हात धरून बघतात, परत देतात. बाबूजींना काय दिसतं कोण जाणे, त्यांचा चष्मा तर आत टीव्हीवर होता.

काम तासाभराचं, बसले चार तास. एकोणनव्वद साली अजिंठ्याला जाताना टायर फुटलं ते सिल्लोडच्या अलीकडं की पलीकडं, यावरून भांडण. चाचा म्हणतात पलीकडं. बाबूजी म्हणतात, "फकरू, गाडी मी चालवत होतो." चाचा म्हणतात, "टायर मी बदललं, सेठ." मी दोनदा चहा नेला तरी सिल्लोड संपलं न्हाई.

जाताना चाचा म्हणाले, "बास. आता मला यायची गरज न्हाई."

कालचे पापड मी एस.टी.नं पाठवले. गाडीत ठेवायची हिंमत न्हाई.

सोमवार, १४ एप्रिल

वास आला.

आज श्रेणिकनं मनावर घेतलं. मोबाइलवर बघून उपाय आणले. पुढच्या सीटखाली कॉफी पावडरच्या दोन वाट्या, मागं कोळसा, काचेजवळ लिंबं कापून. वर कापूर. शेवटी म्हणतो, कांदा अर्धा कापून ठेवला की सगळे वास ओढून घेतो.

बाबूजी खुर्चीतून उठले. "कांदा? या गाडीत?"

आमच्या घरात चार पिढ्या कांदा आलेला न्हाई. तो पहिल्यांदा गाडीत बसून येणार म्हटल्यावर बाबूजींनी किल्ली खिशात घातली आणि आत जाऊन पडून राह्यले.

संध्याकाळी दार उघडून बघितलं. देवळात पेट्रोल पंप उघडलाय आणि पुजारी कॉफी पाजून राह्यलाय, असा वास.

मंगळवार, १५ एप्रिल

कॉफी सांडली. सीट धुतली.

बुधवार, १६ एप्रिल

आजचं लिहू नये असं वाटतं. पण दुसऱ्या कोणाला सांगणार?

चाचांचं म्हणणं, गाडी चालती असताना डिकीत बसून कोणीतरी वास घेतला पाहिजे. चाचांचे गुडघे गेलेले. बाबूजींना गाडी चालवायची. श्रेणिक दुकानात. मंग दोघंही माझ्याकडं बघून राह्यले.

"गल्लीला फक्त एक चक्कर," बाबूजी म्हणाले.

शेहेचाळिसाव्या वर्षी मी डिकीत शिरले. अँबेसिडरची डिकी लई मोठी असते असं सगळे सांगतात. सांगणारे कधी आत झोपलेले नसतात. चाचांनी उशी दिली, टॉर्च दिला, म्हणाले, "बेटी, आरामात, लांब लांब श्वास घ्यायचा." आणि वरून झाकण लावलं.

पेट्रोलचा वास बिलकुल न्हाई. स्टेपनीच्या रबराचा होता, गोणपाटाचा होता, कधीतरी सांडलेल्या ओव्याचा होता. एक चक्कर झाली. ठरल्याप्रमाणं मी आतून दोनदा ठोकलं. गाडी थांबली न्हाई. परत ठोकलं. मंग आठवलं — बाबूजींनी सकाळी कानात औषधाचे थेंब घातल्ते आणि ऐकायचं मशीन काढून फ्रिजवर ठेवलं होतं.

गाडी गल्लीतून बाहेर पडली. मी आतून मोजून राह्यले — डावीकडं, खड्डा, उजवीकडं, मोठा खड्डा. मंग कोथिंबिरीचा वास. भाजी बाजार! इंजन बंद झालं. बाबूजींचा आवाज आला, "मोसंबी कशी दिली?"

मी दोन्ही हातांनी ठोकलं. बाहेरून कोणी बाई म्हणाली, "सेठजी, तुमची डिकी वाजून राह्यली."

हे मात्र त्यांना ऐकू गेलं. म्हणाले, "हो, जुनी गाडी आहे. त्याचाच शोध चाललाय."

दीड किलो मोसंबीचा भाव करायला त्यांना जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. मंग डिकी उघडली — मोसंबी ठेवायला. समोर आमच्या महिला मंडळाची कनिका आणि तिची नणंद. मी उशीवर, केस विस्कटलेले, हातात पेटलेला टॉर्च.

कनिका म्हणाली, "गर्मी लई झाली न्हाई यंदा?"

मी म्हटलं, "हो ना."

बाबूजींनी मोसंबी माझ्या पायाशी ठेवली. त्यांना वाटलं असावं मीच ठोकून सांगितलं मोसंबी घ्या म्हणून. मी उतरले, पुढच्या सीटवर येऊन बसले, आणि बसल्या बसल्या वास आला. पायाखालून.

घरी चाचा ओट्यावर पेपर वाचत बसल्ते. पुढून येतो म्हटल्यावर त्यांनी पेट्रोलचा छोटा पंप उघडला, वायसर बदललं. "आता बिलकुल यायची गरज न्हाई," म्हणाले.

गुरुवार, १७ एप्रिल

पाठ.

शुक्रवार, १८ एप्रिल

वास. मी आता रडकुंडीला आले. बेबीनंदाला फोन करून विचारलं, थोडासा वास असेल तर चालेल का? ती म्हणाली, "ताई, नवरदेवाकडचे लोक आधीच भांडकुदळ हायत."

मंगळवार, २२ एप्रिल

आज टाकीच खाली उतरवली. चाचा, त्यांच्या ओळखीचा वेल्डर वसंता, आणि खुर्चीवर बाबूजी हुकूम सोडायला. टाकी रिकामी केली, धुतली आणि उन्हात वाळवायला गच्चीवर नेली. गच्चीवर माझे पापड.

मी म्हटलं, "चाचा, तेवढं सोडून."

चाचांनी पावलं मोजली. बारा पावलांवर टाकी ठेवली. म्हणाले, "हवा तिकडून इकडं आहे, बेटी. काही होणार न्हाई." पाच मिनिटांत हवा फिरली. मी आणि पापड लाटणाऱ्या बाया सगळ्या चादरी उचलून खाली पळालो. जिन्यात दोघींची टक्कर, एक चादर पालथी.

बाबूजी आणि चाचा मात्र टाकीजवळ छत्री धरून बसले. वरून हसण्याचा आवाज. मी वर जाऊन बघितलं तर बाबूजी डोळे पुसून राह्यले. सिल्लोड अजून चालूच. पण आज ते अलीकडं आल्तं.

मम्मीजी गेल्यापासून त्यांचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. चिडायचं ते तसंच राह्यलं.

संध्याकाळी टाकी बसवली. चाचा दारात थांबले. "आता तर काहीच उरलं न्हाई, सेठ. आता मला यायची गरज न्हाई."

बाबूजी म्हणाले, "बघू."

गुरुवार, २४ एप्रिल

वास! रिकामी टाकी धुऊन, वाळवून, नवे पाइप, नवं वायसर, नवं सगळं — आणि वास!

शुक्रवार, २५ एप्रिल

चाचा सकाळीच आले, टाकीच्या झाकणाचं रबर बदलून गेले. तेच वाक्य म्हणून गेले.

दुपारी श्रेणिक गिऱ्हाईक घेऊन आला. अंबडचे अप्पाराव. त्यांना लग्नात नवरदेवासाठी भाड्यानं द्यायला जुन्या गाड्या लागतात. मिशीला पीळ, पांढरे बूट. श्रेणिकनं बाबूजींना सांगितलं, "नुसते बघायला आलेत."

बाबूजींनी स्वतः गाडी दाखवली. इतक्या मन लावून त्यांनी कधी दुकानात कापूस बियाणंसुद्धा दाखवलं नसेल. "हॉर्न वाजतो, पण डावीकडं वळताना आपोआप वाजतो. हे दार बाहेरून उघडत न्हाई. ते आतून उघडत न्हाई. पावसात वायपर एकच चालतं, आणि ते माझ्या बाजूचं न्हाई."

अप्पाराव आत बसले, नाक ओढलं. "पेट्रोलचा वास येतो."

"येतो," बाबूजी म्हणाले. "जातच न्हाई."

अप्पाराव म्हणाले, "नवरदेवाला कुठं वास येतो त्या दिवशी." आणि बुधवारी, अक्षय तृतीयेला, घेऊन जातो म्हणाले.

बाबूजींचा चेहरा उतरला. गाडीच्या बोनेटवर हात ठेवून उभे राह्यले. उन्हानं बोनेट तापलं होतं, तरी हात काढला न्हाई.

शनिवार, २६ एप्रिल

पापड वाळेपर्यंत ही वही पहिल्यापासून वाचली. कशासाठी? काही न्हाई, डिकीचं वाचून हसू येतं का ते बघायला. आलं न्हाई.

पण एक दिसलं. चाचा आठला म्हणाले, यायची गरज न्हाई. वास दहाला. बाराला म्हणाले — चौदाला. सोळाला — अठराला. बावीसला — चोवीसला. प्रत्येक वेळी मधला एक दिवस सोडून सकाळी!

गाडीला तारखा कशा कळतात?

काल पंचवीस होती. म्हणजे उद्या.

रविवार, २७ एप्रिल

सहा वाजता गच्चीवर गेले. पापड घालायचं निमित्त, चादरीआड बसले. खाली गाडी.

सव्वासहाला बाबूजी फिरून आले. गाडीचं पुढचं डावं दार उघडलं, आत वाकले. हे मी रोज बघते. मला वाटायचं गाडीला नमस्कार करतात.

आज नमस्कार न्हाई. खिशातून कानाच्या औषधाची छोटी बाटली काढली. हातात धरून उभे राह्यले. परत खिशात ठेवली. दार लावलं. चार पावलं गेले. परत आले, दार उघडलं आणि पायपुसणीवर तीन थेंब टाकले. मंग बाटली रुमालानं नीट पुसली.

मी वरून हाक मारली. "बाबूजी, औषध कानाचं आहे."

मशीन घातलेलं होतं. त्यांनी वर बघितलं, आणि चोरी करताना पकडलेल्या पोरासारखे तिथंच उभे.

खाली गेले. बाटली हुंगली. पेट्रोल. स्कूटरमधून काढत होते म्हणे, श्रेणिकच्या.

मी लई बोलले. तीन हप्ते! डिकीत घातलंत मला! बाजारात बायांनी बघितलं! पापड एस.टी.नं गेले, बेबीनंदाची ऑर्डर जायची वेळ आली, आणि तुम्ही —

बाबूजी ओट्यावर बसले. "पहिला वास माझा न्हाई. तो खरा होता. फकरूनं पाइप बदलला तो गेला."

"मंग हा कशाला?"

"अतिक भेटल्ता मला. म्हणाला, अब्बा दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून असतात. धड जेवत न्हाईत. गॅरेज गेलं त्या दिवसापासून. चहाला बोलावलं तर येत न्हाई. मान आड येतो. पण त्या दिवशी तू फोन केला, वीस मिनिटांत आला. पिशवी घेऊन. तू बघितलं न्हाई त्याला, मी बघितलं."

"आणि गाडी गेली असती तर?"

"श्रेणिक विकणार न्हाई वाटलं. परवा तो मिशीवाला आला तेव्हा समजलं. म्हणून आज टाकू नये म्हणत होतो. पण फकरू परवा म्हणाला, आता सुट्टी. त्याचा चेहरा बघवला न्हाई."

मी बाटली जप्त केली. चिडलेलीच होते. पण श्रेणिकला सांगितलं न्हाई. पायपुसणी साबणानं तीनदा धुतली.

सोमवार, २८ एप्रिल

पायपुसणी उन्हात. गाडीची दारं उघडी. वास निम्मा.

मंगळवार, २९ एप्रिल

वास न्हाई. श्रेणिकला बोलावून सीटखाली डोकं घालायला लावलं. बराच वेळ आत. बाहेर येऊन म्हणाला, "थोडी कॉफी येते."

चाचांना फोन करून कळवलं — वास गेला. म्हणाले, "बराबर बघितलं का?"

बुधवार, ३० एप्रिल

चाळीस किलो पापड, मी आणि बाबूजी, तीर्थपुरी. काचा बंद करून गेलो, मुद्दाम. बेचाळीस डिग्री! घामानं चिंब, पण वास आला असता तर कळला असता.

बेबीनंदानं दुकानाच्या दारातच शेगडी मांडून ठेवली होती. पोरांना रांगेत उभं केलं. एक पापड मधल्या पाकिटातून काढला, भाजला, आणि आधी त्यांच्याकडं बघितलं. एकही पोरगं मागं सरकलं न्हाई. सगळ्यात लहान होतं त्यानं हात पुढं केला.

"आता कसं," बेबीनंदा म्हणाली, आणि आषाढाची ऑर्डर पण सांगितली.

परत आलो तर अप्पाराव ओट्यावर, पांढऱ्या बुटांसकट. श्रेणिकनं शब्द पाळला. म्हणाला, "माफ करा, वास गेला. आता विकायची न्हाई." अप्पाराव म्हणाले, मला वास चालत होता. श्रेणिकनं त्यांना दोन पाकिटं पापड देऊन वाटेला लावलं.

बाबूजी खूश पाहिजे होते. किल्ली खुंटीला लावली आणि म्हणाले, "फकरूला आता काय सांगून बोलवायचं?"

मी म्हटलं, हॉर्न आहे, दार आहे, वायपर आहे.

"ते त्याला तीस वर्षांपासून माहीत आहे. त्याला तो बिघाड समजत न्हाई."

गुरुवार, १ मे

सुट्टी. बाबूजी मंदिरात गेल्ते. चाचा येऊन गेले. पाना राह्यला म्हणाले, गाडीतून काढून घेतला. चहा घ्या म्हटलं तर, "काम न्हाई, मंग चहा कशाचा, बेटी." गेले.

शुक्रवार, २ मे

वास!

सरळ बाबूजींच्या खोलीत गेले. त्यांनी मम्मीजींच्या फोटोवर हात ठेवून सांगितलं — मी न्हाई. जप्त केलेली बाटली माझ्याच कपाटात. नवीन आणलेली हुंगली, तिच्यात खरंच औषध. मी हुंगून राह्यले आणि बाबूजी मला बघून राह्यले.

"खरंच वास आला?" त्यांनी विचारलं. "मंग फकरूला बोलवावं लागेल." आणि दाढी करायला गेले.

शनिवार, ३ मे

पुढच्या सीटखाली, अगदी आत, पेट्रोलनं भिजवलेली चिंधी सापडली. चाचा आले तेव्हा त्यांच्यापुढं धरली. बाबूजी आत चहा सांगायला गेल्ते.

चाचांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं. हळूच म्हणाले, "पहिल्या दिवशीच्या पाइपनं काम झाल्तं, बेटी. दुसऱ्या वेळी पायपुसणी हुंगली तेव्हाच समजलं, सेठच टाकून राह्यला. भाभी गेल्यापासून एकटा पडलाय तो. बोलवायला लाजतो. म्हणून येत होतो मी. तुम्ही पायपुसणी धुतली — मंग त्याचं कसं होणार?"

बाबूजी बाहेर आले. खुर्ची ओढली. चाचांनी पेपर पसरला.

मी बाजारात जाऊन घट्ट झाकणाचे बारा डबे घेऊन आले, पापड न्यायला.